हिरकणीचा बुरुज आणि गिरणीचं फाटक

रायगडावर जाऊन आलेल्या माणसाला हिरकणीची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. गडाच्या पश्चिम अंगाला कड्याच्या टोकावर एक बुरुज आहे. तिथे उभं राहून खाली पाहिलं की पायांत गोळे येतात. याच कड्यावरून एक गवळण रात्रीच्या वेळी एकटी खाली उतरली, अशी ती कथा आहे. गडावर दूध घालायला ती आली होती. दिवस कोजागिरीचा. गिऱ्हाइकांच्या नादात उशीर झाला आणि संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले. पहारेकऱ्यांना तिने हातापाया पडून सांगितलं की घरी तान्हं मूल आहे. पण एकदा मिटलेला दरवाजा सकाळशिवाय उघडायचा नाही, हा गडाचा शिरस्ता. शेवटी जिथे तट नव्हता, कारण तटाची गरजच कुणाला वाटली नव्हती, अशा कड्यावरून ती काट्याकुट्यांत अंग ओरबाडून घेत खाली उतरली आणि बाळाला जाऊन भिडली. महाराजांना हे कळलं. त्यांनी साडीचोळी देऊन तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरुज बांधवून त्याला तिचं नाव दिलं.

ही लोककथा आहे, दप्तरातला कागद नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. पण लोककथा टिकते ती तिच्यात लोकांना काहीतरी खरं सापडतं म्हणून. गडाच्या पायथ्याशी आजही हिरकणीवाडी आहे. आपल्या एसटीने एके काळच्या 'एशियाड' गाड्यांना हिरकणीचं नाव दिलं आणि स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी ज्या आडोशाच्या खोल्या केल्या, त्यांनाही 'हिरकणी कक्ष' असंच म्हटलं. आईच्या मायेचं दुसरं नावच महाराष्ट्राने हिरकणी असं ठरवून टाकलं आहे.

लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकत आलो. पण तिच्यातल्या दोन गोष्टी माझ्या लक्षात यायला केस पांढरे व्हावे लागले. पहिली गोष्ट अशी की, हिरकणी गडावर देवदर्शनाला किंवा जत्रेला गेलेली नव्हती. ती कामावर गेली होती. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर ती नोकरदार आई होती, आणि तिच्या कामाची वेळ व बाळाच्या भुकेची वेळ यांच्यामध्ये एक दरवाजा उभा होता. दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. महाराजांनी बुरुज बांधला तो सन्मानासाठी, हे खरंच. पण त्याबरोबर गडाच्या संरक्षणातली एक उणीवही भरून निघाली. राजाने ते करायलाच हवं होतं. मात्र त्यामुळे हिरकणी ज्या वाटेने बाळाकडे गेली ती वाट कायमची बंद झाली. पुढच्या एखाद्या गवळणीला असाच उशीर झाला असता, तर तिने काय करायचं? दरवाजाचा शिरस्ता बदलल्याचं कथेत कुठे येत नाही.

हा प्रश्न मला पडला तो माझ्या आजीमुळे. आजी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन परळला आली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस एका कापड गिरणीत रिळिंग खात्यात लागली. आम्ही नातवंडं तिच्या खोलीत ओळीने झोपत असू. तिची एक सवय होती. रात्री केव्हातरी ती उठायची आणि प्रत्येकाच्या नाकाशी बोट धरून पाहायची. आम्ही जागे असलो तर खुदुखुदु हसायचो. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं थोरली मंडळीही थट्टेने म्हणत. पुढे मी कॉलेजात असताना एकदा तिला सरळ विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तुज्या थोरल्या आत्याला गोळी देऊन मी कामावर जायाची. सकाळच्याला जायाची तवाबी ती निजलेली, सांजच्याला यायची तवाबी निजलेली. जिती हाय का न्हाई, बोट धरून बगायची." एवढंच बोलून ती तांदूळ निवडायला लागली.

ती गोळी म्हणजे बाळगोळी. अफूची बारीक गोळी. मुंबईत ती उघड विकत मिळत असे. आईने पहाटे गोळी चाटवायची, शेजारणीला किंवा सहा-सात वर्षांच्या पोरीला लक्ष ठेवायला सांगायचं आणि भोंगा व्हायच्या आत गिरणीचं फाटक गाठायचं. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. रडत नसे, रांगत चुलीपर्यंत किंवा जिन्यापर्यंत जात नसे. त्याला भूकही कमी लागे, आणि म्हणून ते हळूहळू वाळतही जाई.

आज हे ऐकताना अंगावर काटा येतो आणि त्या आयांना दोष द्यावासा वाटतो. पण तेव्हाची परिस्थिती पाहू. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढच्या सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी असा सगळा भाग धुराड्यांनी भरून गेला. १९२० च्या दशकात गिरण्यांतल्या दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. बहुतेक बाया रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत, नायकिणीच्या हाताखाली. १९२२ च्या कायद्याने कामाचा दिवस अकरा तासांचा आणि आठवडा साठ तासांचा ठरवला, आणि ही सुधारणा समजली जात होती. खाडा झाला की पगार बुडाला. फार खाडे झाले की जागा गेली. गावाकडून आणलेली सासू किंवा नणंद घरात नसेल, तर दहा बाय दहाच्या खोलीत तान्ह्या मुलाला कुणाच्या भरवशावर सोडायचं? गोळी ही त्या आईच्या दृष्टीने मुलाला जपण्याचीच एक रीत होती. तिच्यासमोर दोन वाईट पर्याय होते आणि त्यातला कमी वाईट तिने निवडला होता.

या मुलांचं काय होत होतं, ते सरकारदरबारी नोंदलं गेलं आहे. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर सहा-सहा आठवडे स्त्री कामगाराला रजा व निर्वाहाची सोय मिळावी आणि पाजण्यासाठी कामातून सुट्टी मिळावी, असा करार तिथे झाला. हिंदुस्थान सरकारने तो मान्य केला नाही. पण निदान चौकशी तरी करावी लागली. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंना गिरणी कामगार स्त्रियांच्या पाहणीचं काम दिलं. १९२२ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. कामावर जाणाऱ्या बायांच्या बहुतेक सगळ्या तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, हे त्यांनी नोंदवलं. त्याच सुमारास, म्हणजे १९२१ मध्ये, मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त बालमृत्यूंची नोंद झाली. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हा आकडा आठशेच्याही वर होता. यात एक मेख आहे. बऱ्याच बाया पहिलटकरणीच्या रिवाजाप्रमाणे गावी बाळंत होत आणि मूल घेऊन मुंबईला परतत. त्यामुळे जन्माची नोंद गावात आणि मृत्यूची मुंबईत होई, आणि प्रमाण फुगून दिसे. तो फुगवटा वजा केला तरी उरलेला आकडा छातीत धडकी भरवणाराच आहे.

या आया गप्प बसल्या होत्या का? नव्हत्या. नारायण मेघाजी लोखंडे हे आमच्या ठाण्यात जन्मलेले कामगार पुढारी. त्यांनी १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. दहा हजारांच्या त्या जमावासमोर दोन कामगार बायाही बोलल्या. त्या वर्षी जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण हे पान ज्या दिवशी निवांत वाचतो, त्या दिवसात त्या दोघींचाही वाटा आहे. घराघरांत रविवारचं न्हाणं, रविवारी पोराला मांडीवर घेऊन बसणं, हे त्या सुट्टीमुळे शक्य झालं.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा व्हायला मात्र आणखी एकोणचाळीस वर्षं लागली. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, म्हणजे रायगड किल्ल्याच्याच मुलखातले ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. मग आर. एस. आसवले यांनी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. जुलै १९२८ मध्ये त्यावर चर्चा झाली, तेव्हा गिरणगावात सार्वत्रिक संप सुरू होता आणि चुली थंड होत्या. या विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा होता की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनेच उचलायला हवा. पण मालकालाही त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ होत असल्याने त्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही. मूल हा आईचा खाजगी मामला आहे, या समजुतीलाच हा छेद होता.

१९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. दिवसाला आठ आणे, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे, आणि तेही ठरावीक काळ नोकरी झालेल्या बाईलाच. रक्कम लहान होती. पण "पोर झालं म्हणून पगार" ही कल्पनाच तोवर कुणी ऐकलेली नव्हती. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतानेही असा कायदा केला आणि नागपूरकडच्या गिरण्यांतल्या बायांना त्याचा लाभ मिळू लागला. परळला वाडियांचं सूतिकागृह १९२६ मध्ये सुरू झालं होतंच. १९२९ मध्ये त्याच घराण्याने मुलांचं रुग्णालयही उभारलं आणि त्याला आपल्या आईचं, बाई जेरबाईंचं नाव दिलं. गिरणगावातल्या कित्येक पिढ्या या दोन इमारतींत जन्मल्या आणि जगल्या. त्यात मीही एक.

आता गोष्टीचा दुसरा भाग. हिरकणीच्या बुरुजाचं जे झालं तेच या कायद्याचंही झालं. बाळंतपणाचे पैसे ज्या गिरणीत बाई कामाला असेल त्या गिरणीनेच द्यायचे होते. मग मालकांनी हिशेब केला. लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयाच्या बाया घ्यायच्या कशाला? त्यातच बायांना रात्रपाळी करायला कायद्याने मनाई होती. दुसरी-तिसरी पाळी सुरू झाली तेव्हा दोन्ही वेळा चालणारा पुरुष कामगार सोयीचा ठरला. वाइंडिंगची नवी यंत्रं आली आणि हातांची गरज कमी झाली. ही सगळी कारणं एकत्र आली आणि गिरण्यांतल्या बायांचं प्रमाण पुढच्या दशकांत घसरतच गेलं. आईचा सन्मान झाला आणि तिची वाट बुजत गेली. माझ्या आजीलाही तिसऱ्या बाळंतपणानंतर पुन्हा खात्यात घेतलं नाही. मग ती खानावळ चालवायला लागली. "पोरं डोळ्यांसमोर ऱ्हायली," असं म्हणून ती समाधान मानायची. पण गिरणीचा पगार हातात यायचा ते दिवस ती विसरली नव्हती.

याला उपाय नव्हता असं नाही. बाबासाहेबांच्या त्या भाषणातच उपायाचं बीज होतं. भार एकट्या मालकावर नको, सगळ्यांनी मिळून उचलावा. १९४८ मध्ये राज्य विमा योजनेचा, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो त्याचा कायदा झाला आणि १९५४ मध्ये ती योजना मुंबईत लागू झाली. तिच्यात कामगार बाई असो की पुरुष, प्रत्येकाच्या पगारामागे वर्गणी जाते आणि बाळंतपणाचा पैसा त्या सामायिक निधीतून मिळतो. बाई कामावर ठेवली म्हणून मालकाला जादा भुर्दंड पडत नाही. फाटक उघडण्याची ही खरी रीत. १९४८ च्याच कारखाना कायद्याने पन्नासहून जास्त बाया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये ती अट तीस बायांवर आणली. १९६१ मध्ये देशभरासाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला आणि बारा आठवडे रजा मिळाली. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा, हेही त्यात आलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी पुढे घेतल्या गेल्या. आठ आण्यांपासून सव्वीस आठवड्यांपर्यंतचा हा प्रवास लहान नाही.

पण हे तीस, हे पन्नास, हे आकडे लक्षात ठेवा. कारण मी आता राहनाळला येतो.

१९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटलं आणि माझे वडील, जे साचे खात्यात होते, ते भिवंडीकडे आले. त्यांच्यासारखे पुष्कळ आले. भिवंडीत हातमागांचं काम जुनं. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकर कुटुंबांनी ते वाढवलं आणि पुढे हातमागांच्या जागी यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तसे इथले माग वाढले. पण गिरणी आणि यंत्रमागाचा कारखाना यांत फरक आहे. गिरणीत एका फाटकातून हजारो माणसं आत जात. इथे एका पत्र्याच्या शेडखाली चोवीस-अठ्ठेचाळीस माग आणि मोजकी माणसं. कायद्याचा उंबरठा ज्या आकड्यावर आहे त्याच्या खालीच सगळा कारभार. आणि बाया? त्या घरी बसून कांड्या भरतात, धागे कापतात. घरात काम म्हणजे मूल जवळ, हे सुख आहे खरं. पण त्या कुठल्याही हजेरीपटावर नाहीत, म्हणून त्यांच्या बाळंतपणाला पगारी रजा नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी या पट्ट्यात गोदामं उभी राहिली. पूर्वी जिथे भाताची खाचरं होती तिथे आता कंटेनर लागतात. मुंबई-ठाण्याला घरपोच येणारं निम्मंअधिक सामान या बाजूने जात असावं, असं वाहनांची रांग पाहून वाटतं. सकाळी मी फिरायला निघतो तेव्हा रिक्षांतून, टेम्पोतून बाया उतरताना दिसतात. डब्याची पिशवी, डोक्याला रुमाल. मालाची छाननी, पॅकिंग, चिठ्ठ्या चिकटवणं ही कामं त्या करतात. बऱ्याच जणी ठेकेदारामार्फत आलेल्या. आज या गोदामात, पुढच्या महिन्यात त्या गोदामात. एका छपराखाली शंभर बाया असल्या तरी कागदोपत्री त्या चार-पाच ठेकेदारांच्या असतात आणि मग पन्नासाचा आकडा भरतच नाही. फाटकाशी पहारेकरी असतो. तो वाईट माणूस नसतो. गडावरचा पहारेकरीही नव्हता. त्याला शिरस्ता सांगितलेला असतो, इतकंच.

एकदा दुपारच्या सुट्टीत चहाच्या टपरीवर एक तरुण बाई फोनवर बोलत होती. घरी कुणा लहान मुलीला ती सांगत होती, "झोपलाय ना? जवळ जाऊन बघ. अगं, तसं नाही, अगदी जवळ जाऊन बघ." मला आजीचं बोट आठवलं. अफूची गोळी गेली, हातात मोबाइल आला, मूल आता जगतं. हे सगळं झालं, आणि ते लढून मिळालेलं आहे. पण सहा-सात वर्षांच्या पोरीच्या भरवशावर तान्हं मूल ठेवून कामावर येणारी आई मात्र शंभर वर्षांनंतरही आहे.

आईच्या मायेची थोरवी गाणं आपल्याला आवडतं, आणि ती थोरवी खोटी नाही. परंतु इतिहास वाचताना मला असं दिसतं की, कडा उतरण्याचं धैर्य आईने प्रत्येक काळात दाखवलं आहे. प्रश्न तिच्या धैर्याचा कधी नव्हताच. तो दरवाजाच्या वेळेचा होता. १९२९ मध्ये त्या वेळेत थोडा बदल झाला, १९४८ मध्ये आणखी झाला. हे बदल कुणी दयेपोटी केले नाहीत. कुणीतरी विचारलं, मोजलं, मांडलं, हरलं आणि पुन्हा मांडलं, म्हणून ते झाले.

आमच्या भागात गोदामांच्या रांगेत एक सामायिक पाळणाघर व्हावं, सगळ्या गाळेवाल्यांनी आणि ठेकेदारांनी मिळून त्याचा खर्च उचलावा, असा एक अर्ज आम्ही काही मंडळींनी तयार केला आहे. त्याचं काय होईल ते होईल. अर्जावर पहिला अंगठा एका आजीबाईंचा आहे. त्यांची सून गोदामात जाते आणि नातू त्यांच्याजवळ असतो. अंगठा उठवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझी नजर आता मंदावली आहे, म्हणून म्हणते."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)